वारा अंगावर घेणारी

आई,
"त्या घट्ट चड्डीत सायकलवर गावभर फिरायची लाज वाटत नाही का?" असं मी तुला विचारायचं, अशी मैत्रिणींनी माझ्याशी पैज लावली होती.

आज सकाळी आम्ही हसायलाच वळणावर थांबलो. वारा नुसता मागे ढकलत होता. तेवढ्यात वीस सायकली आल्या. सगळ्यांत पुढे तू, वारा अंगावर घेत, आणि बाकीचे तुझ्या आडोशाने. हसायचं राहूनच गेलं.
"ही तुझी आई?" एकीने मला विचारलं.
"मग कुणाची?"

ऑफिसमुळे चेन धुवायलाही वेळ मिळत नाही, सायकल विकून टाकू, असं काल तू बाबांना म्हणालीस ना? चेन मी आत्ताच धुतलीय. तुझा टॉवेल काळा झाला, तो भिजत घातलाय.

बाबा, तुम्हीही वाचा. सायकल विकायची नाही. दर बुधवारी शाळेतून आल्यावर चेन मी धुणार. ठरलंय माझं.