ताट पुढे गेलं तेव्हा

वेम्बली, लंडन
५ फेब्रुवारी २००६

ती. सौ. सुचेताताईस,

धाकट्या अरुणाचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढतात का? इथे माधवला सर्दी, मला खोकला, आणि त्यात बॉयलर बंद पडलाय, त्यामुळे घरात सगळे कोट घालून वावरतोय. बाकी ठीक.

साड्यांचे फोटो मिळाले. मोरपंखी रंग श्रद्धाला खुलेल. शार्दूलचं लग्न मे महिन्यात आणि तुझी तयारी आत्तापासून जोरात, हे बघून आईची आठवण झाली. व्याह्यांना द्यायला इथून काय आणू, असं तू विचारलंयस. ईलिंग रोडच्या बाजारात अजून जाणं झालं नाही. पाय निघत नाही, ताई. थंडी फार आहे.

वैभवीच्या अभ्यासाचं म्हणशील तर तिने सध्या माझा जीव खाल्लाय. ए लेव्हलच्या इंग्लिशला तिला एक जुनी अमेरिकन कादंबरी आहे. कर्मठ, देवभोळ्या लोकांचं गाव. एका बाईला नवऱ्यावाचून मूल होतं. गाव तिला चौथऱ्यावर उभं करतं आणि कपड्यांवर छातीशी एक लाल अक्षर शिवायला लावतं, जन्मभरासाठी. मुलाचा बाप कोण हे ती सांगत नाही. आणि बाप कोण, तर गाव ज्याच्या पाया पडतं तो धर्मोपदेशक! तो समोर उभा राहून तिलाच उपदेश करतो.

आता शाळेला हवी आहेत त्यातली प्रतीकं. अक्षर कशाचं प्रतीक, चौथरा कशाचं, जंगल कशाचं, तुरुंगाच्या दाराशी उगवलेलं गुलाबाचं झाड कशाचं. मी पुण्यात एम. ए. केलंय म्हणून ही पोरगी रोज जेवताना मला धरते. "आई, तो अक्षरचा मीनिंग बदलतो ना? आधी पाप, मग दुसरं काहीतरी?" काल मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, बाई हाडामांसाची आहे, तिला थंडी वाजत असेल, मूल रडत असेल, ते आधी लिही! तिने वही मिटली. मग म्हणाली, "त्याला मार्क्स नाही मिळत."

माझी चिडचिड होते हल्ली. तुला म्हणून सांगते.

शार्दूलचा फोन येतो का? आला तर त्याला विचार, लीड्सला असताना तो कसा होता, कुणाबरोबर असायचा. सहज विचार. मी सांगितलं म्हणून नको.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
अरुणा


वेम्बली
२६ फेब्रुवारी

ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, "लीड्सला काय आहे गं? तो विषयच टाळतो." आणि मी म्हणाले, लाइन खराब आहे, नंतर बोलू. लाइन चांगली होती. फोनवर तू रडशील, मी आवाज चढवीन आणि भाऊजी आतल्या खोलीतल्या फोनवर ऐकत असतील, म्हणून लिहिते आहे. खाली बस आणि वाच.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, शाळेच्या हॉलमध्ये. जोडीला गाण्यांचा कार्यक्रम आणि सूत्रसंचालनाला तुझा शार्दूल. काय छान बोलतो, ताई! आपली संस्कृती, आपली माणसं, परदेशात एकमेकांना धरून राहणं. बायका मला म्हणत होत्या, भाचा किती गुणी आहे तुमचा.

मागच्या रांगेत एक मुलगी येऊन बसली. तिशीची असेल. मांडीवर पाच-सहा महिन्यांचं बाळ, साधी निळी साडी. आमच्या मंडळातली सीमा हळदीकुंकवाचं ताट घेऊन फिरत होती. तिने नेहमीसारखं विचारलं, नाव काय, कुठच्या तुम्ही. ती म्हणाली, धम्मशीला, गाव नागपूर. मग आडनाव विचारलं. तेही तिने सांगितलं. "आणि मिस्टर?" "मिस्टर नाहीत." सीमा एक क्षण थांबली, आणि ताट घेऊन पुढच्या बाईकडे गेली. आजूबाजूच्या चौघींनी पाहिलं आणि तिळगुळाच्या वड्या किती खुसखुशीत झाल्यात यावर बोलायला लागल्या. मी चहाच्या टेबलाशी होते. तिथून माझी नजर स्टेजवर गेली. शार्दूल त्याच रांगेकडे बघत होता. वाक्य अर्धवट राहिलं त्याचं. मग त्याने पुढच्या गायिकेचं नाव पुकारलं.

मी चहा घेऊन गेले तोवर ती उठली होती. बाळाला शालीत गुंडाळून निघून गेली.

घरी येताना गाडीत मी पुढे, वैभवी मागे, शार्दूल चालवत होता. स्टेजवरून तो कुणाकडे बघत होता ते तिनेही पाहिलं होतं, आणि तुला माहितीये तिचं मराठी. "दादा," ती म्हणाली, "ती बाळ तुझा आहे का?" मी तिला दटावणार तेवढ्यात पाहिलं, तर याने आमच्या घराचं वळण सोडून दिलं होतं. गाडी सरळ चाललेली. पुढच्या सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "हो."

हो, ताई. तुझी नात आहे ती.

घरी आल्यावर मी त्याला समोर बसवलं. लीड्सला बँकेच्या प्रोजेक्टवर असताना दोन वर्षं ते एकत्र होते. ती तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, भूलतज्ज्ञ. मी विचारलं, मग श्रद्धाला होकार कसा दिलास? तर म्हणतो, "आईने ठरवलं, मी काही बोललो नाही." आणि धम्मशीलाला नकार कधी दिलास? "मी तिला नाही म्हटलेलं नाही, मावशी. फक्त हो म्हणालो नाही अजून." ताई, माझा हात उठला होता. मग रडायला लागला. झोप लागत नाही म्हणे, वजन उतरलंय. म्हटलं, तुला झोप लागत नाही याचं तिने काय करायचं? बाळाला ते पाजता येतं का?

गेल्या शनिवारी मी लीड्सला जाऊन आले, एकटीच. तिचे वडील दादासाहेब नातीसाठी नागपूरहून आलेत. रेल्वेत होते, रिटायर झाले. मी नाव सांगितलं तरी दार बंद केलं नाही त्यांनी. "बसा जी," म्हणाले आणि स्वतः चहा ठेवायला गेले.

मी धम्मशीलाची क्षमा मागायला लागले, ताटाबद्दल. ती म्हणाली, "कुंकू मला नकोच होतं, ताई. आम्ही लावत नाही. पण मी नको म्हणणं वेगळं आणि ताट पुढे जाणं वेगळं."

"मग तू आलीस कशाला इतक्या लांब?"

"तो म्हणाला होता, संक्रांतीला मावशी, काका सगळे असतील, तिथे सांगतो. मी बघायला आले होते, सांगतो का."

एवढंच. कुणावर आवाज नाही, शिव्या नाहीत. मी म्हटलं, तू तिथल्या तिथे त्याचं नाव का नाही घेतलंस? ती बाळाचे कपडे घड्या करत होती. "ते त्याने घ्यायचं होतं," म्हणाली.

मग तिने मला शार्दूलचं वाक्य सांगितलं. ते मी तुला तसंच लिहिते, कारण ते तुझ्याबद्दल आहे. तो तिला म्हणाला होता, "आईला एक वेळ मूल चालेल, बाकीचं चालणार नाही." मी विचारलं, बाकीचं म्हणजे? दादासाहेब कप ठेवत होते, त्यांचा हात थांबला. तिने आपलं आडनाव सांगितलं, जसं सीमाला सांगितलं होतं तसंच.

परतीच्या ट्रेनमध्ये मला वैभवीचा निबंध आठवत होता. तिने मला विचारलं होतं, आपल्याकडे असं अक्षर असतं का? मी म्हटलं होतं, छे, काहीतरीच. आपल्याकडे शिवावं लागत नाही, ताई. जन्मल्याबरोबर मिळतं आणि पहिल्या प्रश्नाला सांगावं लागतं.

श्रद्धाला काही माहीत नाही. तिच्या आईवडिलांना नाही. तू भाऊजींना सांग आणि पुढचं ठरव. पत्रिका छापायला टाकू नकोस.

अरुणा


वेम्बली
९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

तू लिहितेस, मूल शार्दूलचंच कशावरून. शार्दूल सांगतो यावरून. तू लिहितेस, परदेशात राहून माझी लाज सुटली. असेल. तू लिहितेस, "बाईच्या जातीने जपायला हवं होतं." कुठली जात म्हणालीस, ताई? बाईची, की तू लिहायची टाळलीस ती? तीन पानांत तू त्या मुलीचं नाव एकदाही लिहिलं नाहीस. "ती", "तसली", "त्या लोकांतली". आपण दोघी एका ताटात जेवलो, एका शाळेत गेलो, घरी अण्णांच्या तोंडून समतेवरची तीच भाषणं ऐकली. मग हे तुझ्यात कुठून आलं? की माझ्यातही आहे आणि भाचा माझा असल्यामुळे मला आत्ता दिसलं? मला कळत नाही. राग मात्र येतो, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही.

आता काय झालं ते ऐक. शार्दूल तुला अर्धंच सांगेल.

तुझं पत्र मी त्याला वाचायला दिलं. वाचून म्हणाला, "आई म्हणते तसं केलं तर?" मी म्हटलं, तर श्रद्धाला मी फोन करीन. आणि तू करणार असशील तर इथेच बस, माझ्यासमोर, आणि आत्ता कर. सकाळचे अकरा वाजले होते. फोन हातात घेऊन तो किती तरी वेळ बसला. माधव मला खुणेने सांगत होता, जाऊ दे. मी नाही जाऊ दिलं.

त्याने सांगितलं. अडखळत, पण सगळं. मग श्रद्धाचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. "बाळाचं नाव काय?" त्याने सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या आईबाबांना मी सांगते. तू फोन करू नकोस, तुझ्या आईलाही करू देऊ नकोस." आणि ठेवला. एवढीशी पोरगी, ताई. आपल्या घरात आली असती तर आपलं भाग्य होतं. पण आपण तिच्या लायकीचे नव्हतो.

त्यानंतर तो लीड्सला गेला. तुला वाटत असेल आता तिकडे लग्नाचे सनई-चौघडे वाजतायत. तसं काही नाही. दादासाहेबांनी दार उघडलं आणि आत निघून गेले. धम्मशीला म्हणाली, "मुलीला बापाचं नाव लावायला आलास, लाव. माझ्याशी लग्नाचं मी विचारलेलं नाही." दोघं रजिस्ट्रारकडे जाऊन आले. नोंद झाली. आता शार्दूल शनिवारी जातो, बाळाला फिरवतो, संध्याकाळी परत येतो. तिचं मन वळेल का, माहीत नाही. ते वळावंच असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी त्याच्यावर अजून चिडलेली आहे. दिवसातून दहादा वाटतं, हेच त्याने त्या हॉलमध्ये, माइक हातात असताना का नाही केलं? एक वाक्य होतं.

मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम झाला. सीमाने लांबूनच हाक मारली, "अरुणा, त्या दिवशीची ती बाई कोण होती गं? काही कळलं का?" सगळ्या ऐकत होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर धम्मशीला. तिच्या मांडीवर माझी नात होती, शार्दूलची मुलगी. तू ताट पुढे नेलंस." श्रीखंडाच्या वाट्या भरणं थांबलं. वैभवीने येऊन माझा हात धरला. आता आम्हाला किती बोलावणी येतील ते बघू. माधव घुश्शात आहे. म्हणतो, चारचौघांत बोलायची गरज नव्हती. मला वाटतं, चारचौघांतच होती.

मे महिन्याचं तिकीट मी रद्द केलेलं नाही. लग्न नाही, पण मी येणार आहे. तू दार उघडलंस तर तुझ्याकडे उतरीन, नाहीतर लॉजवर राहीन. भांडायचं असेल तर समोर बसून भांडू. तू थोरली आहेस, मार खाल्लाय मी तुझा, अजून खाईन.

ताई, श्रद्धा परकी होती. तिचं लग्न मोडत होतं, आणि तिने पहिला प्रश्न काय विचारला ते वर लिहिलंय मी. तू आजी आहेस. तीन पानं लिहिलीस, त्यात तो प्रश्न नाही. म्हणून मीही या पत्रात तिचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. आपणहून सांगणार नाही. विचार.

वाट बघते.

तुझीच,
अरुणा