तिसऱ्या इमारतीच्या छपराची तजवीज

मी, विजयमाला लालासाहेब डुबल, वय वर्षे त्रेसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मलकापूर, तालुका कराड, जिल्हा सातारा, आज अक्षय तृतीयेला, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या राजीखुशीने, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. माझे यजमान कै. लालासाहेब फौजेत नाईक होते. आम्हांला मूलबाळ नाही. पुतण्या बाळासो हाच जवळचा वारस. माझ्या माघारी गावाला फुकटची करमणूक मिळू नये, म्हणून सगळं लिहून ठेवते.

कलम १. मलकापूरच्या वरच्या अंगाला माझा माळ आहे. बहात्तरच्या दुष्काळात जत भागातली धनगर मंडळी मेंढरं-गुरं घेऊन पाण्याच्या आशेने इकडे आली, तेव्हा त्या माळावर छावणी पडली. त्यांनीच दगडमातीच्या तीन लांबट इमारती उभ्या केल्या आणि वर उसाचा पाला शाकारला. पाऊस झाल्यावर माणसं परत निघाली. तेव्हा गुंडा मासाळाची बायको दगडाबाई आपल्या मुलीचा हात माझ्या हातात देऊन म्हणाली, "अक्का, आमी आठ म्हैनं मेंढरांमागं हिंडणार. पोरगी तुमच्या साळंत ऱ्हाऊ दे." मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी तिच्यासारखी इतकी मुलं आली की माळ भरून गेला. आज पहिल्या इमारतीत मुलगे राहतात, मधल्या इमारतीत चूल आणि पंगत, तिसरी मुलींची. छावणी हे नाव तसंच राहिलं.

हा माळ इमारतींसकट मी छावणीच्या पंचांना देत आहे. पंच तिघे: गुंडा मासाळ, दगडाबाई मासाळ आणि नाथाजी गवंडी. पंचांत बाईचं नाव पाहून कुणाला ठसका लागला तर त्याने पाणी प्यावं.

कलम २. परवाच्या पावसाळ्यात तिसऱ्या इमारतीची भिंत बसली. मुली जेवायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून दुरुस्तीसाठी मी दारोदार फिरले. कराडचे एक कंत्राटदार (नाव घेत नाही, त्यांना तेच हवं होतं) सिमेंटचा स्लॅब टाकून द्यायला तयार झाले. मी विचारलं, स्लॅबला तडा गेला तर कोण बुजवणार? ते म्हणाले, मला कळवा. म्हणजे जन्मभर यांच्या दारात उभं राहायचं. मी नको म्हटलं. छावणीच्या इमारती अशाच वस्तूंनी दुरुस्त व्हाव्यात, ज्या माळाच्या आसपास मिळतात आणि तिथे राहणाऱ्यांना स्वतःच्या हातांनी पुन्हा लावता येतात: काळा दगड, बैलाच्या घाण्यात मळलेला चुना, माती, गवताची काडी, शेण, जुनं लाकूड, कौलं. एकदा मदत मागायला लाज वाटू नये, पण दरवर्षी त्याच कामासाठी मागावी लागली तर काम चुकलं असं समजावं. ही अट पंचांवर कायम बंधनकारक आहे.

माझा होकार गृहीत धरून कंत्राटदारांनी स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी आधीच कोरून माझ्या दारात पाठवली होती. न्यायला दोनदा निरोप पाठवला, कुणी आलं नाही. ती मुलींना धुण्याचा दगड म्हणून द्यावी. अक्षरं खालच्या बाजूला ठेवावीत, त्यांच्या नावावर कुणी साबण घासू नये.

कलम ३. पैसे उभे करायला पहिली अक्कल लढवली ती बाळासोने: छावणीच्या मदतीसाठी कुस्त्यांचं मैदान. मैदान असं रंगलं की माणसं झाडांवर बसली. शेवटची कुस्ती कराडच्या आणि सांगलीकडच्या पैलवानांत लागली आणि दिवस मावळला तरी निकाल लागेना. शेवटी बरोबरीत सोडवली. लोकांनी टोप्या उडवल्या आणि बाळासोच्या अंगात राजा संचारला. दोघांनाही पुरतं इनाम, दोघांनाही फेटा, वर सगळ्या पैलवानांना मटणाचं जेवण. आमच्याकडे इभ्रतीपुढे हिशेब कुणी काढत नाही, आणि काढणाऱ्याला कंजूष म्हणतात. सकाळी छावणीच्या वाट्याला उरली ती फक्त आखाड्याची माती. पण ती चांगली होती, ताक, तेल, हळद घालून मळलेली. मी गाडीत भरून आणली आणि नाथाजीने ती मधल्या इमारतीला आतून लिंपली. देवाची माती भिंतीला लावली म्हणून दोन म्हातारे रुसले. त्यांना मी त्याच भिंतीला टेकवून जेवू घातलं. आता रुसवा नाही.

बाळासो, त्या दिवशी मी तुला चार माणसांत नको नको ते बोलले. तू खाली मान घालून ऐकलंस. त्याबद्दल तुझं कौतुक करायचं राहून गेलं होतं.

कलम ४. खरा पैसा आला तो मेंढरांच्या पायांनी, आणि हे पुढच्यांना ठाऊक असावं म्हणून मृत्युपत्रात लिहिते. ऊस तुटून रान मोकळं झालं की शेतकरी धनगराला बोलावतो. कळप रात्रभर रानात बसतो, लेंडीखत आयतं पडतं आणि त्याबदल्यात धनगराला धान्य मिळतं. मैदानाचं कळल्यावर गुंडा माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "अक्का, पैका काय आमच्यापाशी न्हाई. पर मेंढरं हायती. औंदा जिथं जिथं बसवू, तिथलं धान्य छावणीला."

मी म्हटलं, "आणि तुम्ही खाणार काय रे?"

"निम्मं आमाला, निम्मं छावणीला. मग तर झालं?"

जतचे सगळे कळप तसे बसले. ज्या बागायतदारांनी दुष्काळात याच माणसांवर बांधावरून काठ्या उगारल्या होत्या, ते यंदा "आधी माझ्या रानात" म्हणून भांडले आणि मापाला वर शीग ठेवून धान्य घातलं. त्या धान्यातून पहिल्या दोन इमारती पक्क्या झाल्या आणि तिसरीच्या भिंती उभ्या राहिल्या. आयुष्यात पुष्कळांनी मला पुष्कळ दिलं, पण इतकं कुणी दिलं नाही. त्या सर्वांची मी ऋणी आहे, आणि हे ऋण मला फेडायचंही नाही.

कलम ५. पोस्टातली माझी शिल्लक पंचांच्या नावे ठेवावी. तिच्या व्याजातून दरवर्षी वैशाखात कौलं चाळावीत आणि भिंतींना चुना द्यावा. त्या दिवशी मुलांना पुरणपोळी करावी. यजमानांची पदकं आणि ट्रंक बाळासोला. माझं शिवणयंत्र दगडाबाईच्या मुलीला, कारण ते आताही तिच्याच ताब्यात आहे. जाऊबाईंनी माझ्या लग्नात नेलेली पितळी घागर त्यांनाच राहू द्यावी. पस्तीस वर्षं मागतेय, आता माझाच कंटाळा आला.

कलम ६. तिसऱ्या इमारतीला छप्पर नाही. भिंतींवर आभाळ आहे. लाकूड आणि कौलं विकत घेण्याइतकं आता कुणाकडेच नाही, आणि गुंडाकडे आणखी मागायला माझी जीभ रेटत नाही. पण ज्या घरात बसून मी हे लिहीत आहे, त्याच्या तुळया सागवानी आहेत. कोयनेच्या भूकंपात भिंतीला भेगा पडल्या, सांगाडा हलला नाही. म्हणून माझ्या मृत्यूनंतर हे घर उतरवावं आणि तुळया, वासे, कौलं, दारं-खिडक्या तिसऱ्या इमारतीला लावाव्यात. मोकळी झालेली हमरस्त्याकडची जागा बाळासोला द्यावी. त्याला तिथे हॉटेल काढायचंय, खुशाल काढावं. चहा चांगला ठेव म्हणावं.

पुरवणी. वरचा मजकूर लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून सही करायला मी नाथाजी आणि बाळासोला बोलावलं. बाळासोने सहावं कलम दोनदा वाचलं. मला वाटलं, आता हा रडणार किंवा भांडणार. त्याने विचारलं, "काकी, पोरी कवा येणार?"

"मिरगाला. शाळा उघडली की."

"आन् तुमी मरणार कवा?"

नाथाजीने कपाळावर हात मारून घेतला. मी बाळासोला घराबाहेर काढणार होते. पण तो पुढे म्हणाला, "आवं, रागावू नका. तुमी शंभर वर्सं जगा. पर तवर पोरींनी उघड्यावर निजायचं व्हय? पाऊस काय तुमच्या मरणासाठी थांबतोय?"

मी शाळेत तीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या. ही माझी चूक त्या गड्याने एका वाक्यात काढली. मी इतक्या थाटात दान लिहीत बसले होते आणि देत काहीच नव्हते. मला हसू आलं, मग रडू आलं. बाळासो म्हणाला, "तुमी माझ्या घरी चला." मी म्हटलं, मी पोरींबरोबर राहीन. त्यावर थोडा वाद झाला, तो मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी पहिलं कौल बाळासोनेच काढलं. कौलं हातोहात माळावर गेली. गुंडाचे लोक, मलकापूरचे बागायतदार, मैदानातले दोन पैलवान, सगळे रांगेत उभे होते.

म्हणून कलम ६ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी रद्द करत आहे. वकील म्हणतील, मग ते मृत्युपत्रात बसत नाही. न बसू दे. बाकीची कलमं माझ्या पश्चात अमलात यावीत. मात्र द्यायचं मोठं होतं ते देऊन झालं आहे, आणि ते लागलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, यापरतं भाग्य कोणतं?

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून, खरा मानून, त्यांच्यादेखत सही केली. माझ्यादेखत त्यांनी केली.

सही: विजयमाला लालासाहेब डुबल

साक्षीदार:
१. नाथाजी, गवंडी, राहणार मलकापूर
२. बाळासो डुबल, पुतण्या, राहणार मलकापूर

दिनांक: २८ मे १९७८
ठिकाण: छावणी, तिसरी इमारत, छपराखाली