हिला पेन्सिल लावू नये

अहो,

नाव तुमचं उखाण्यापुरतं घेतलं तेवढंच, आता कागदावर तरी कसं घेऊ? आधीच सांगते, लिहायला बसले ती भांडायला. तुम्ही जाऊन तीन महिने झाले. कांदिवलीत कलर लॅब निघाल्यापासून आपल्या काळ्यापांढऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून स्टुडिओ रिकामा करा असं भावजींनी लावून धरलंय. आज माळ्यावरचं सामान खाली काढलं आणि तुमचा मंगळवारचा डबा हाती आला. उघडला मी तो. तुम्ही असताना हात लावू दिला होता का कधी?

बावीस वर्षं तुम्ही फोटो काढले आणि मी रिटचिंग केलं. पासपोर्टचा असो की लग्नाचा, जोगेश्वरीतली प्रत्येक निगेटिव्ह माझ्या खालून उजेड येणाऱ्या तिरक्या काचेवर यायची. पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव आणि कोपऱ्यात माझ्यासाठी तुमची सूचना. मुरूम काढणे. डोळ्यांखाली हलकं. पेन्सिलीला सुईसारखं टोक करून मी ठिपका ठिपका भरत बसायची. कुणाच्या गालावर काय आहे, हे मला त्यांच्या डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक! फक्त तुमच्या मंगळवारच्या निगेटिव्ह कधी माझ्याकडे आल्या नाहीत. त्या तुम्हीच धुवायच्या, तुम्हीच ठेवायच्या. मग बायकोने काय समजायचं?

मंगळवारी दुकान बंद. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात वरून डोकावून बघायचा तो चौकोनी कॅमेरा, आणि निघाले साहेब शहरात म्यूझियमला! तिथल्या चित्रांत देव नाही, माणूस नाही, झाड नाही, नुसते रंगाचे पट्टे आणि डाग. बरं, तुम्ही चित्रांचे फोटोही काढत नव्हता. ती बघत उभ्या राहणाऱ्या लोकांचे काढत होता म्हणे. थाप मारायची तर जरा पचेल अशी तरी मारावी!

शेजारच्या शिवणवाल्या मंदाताईंना सांगितलं, तर त्या मशीन थांबवून हसल्या. "काय भोळी गं तू! माझा नवरा पोराचं प्रगतिपुस्तक बघत नाय, आणि तुझा दर आठवड्याला चित्रं बघणारे बघायला जातो? वाट लागेल हां, आताच बघ काय ते."

तुम्हाला विचारलं, तर ताटातून मानही वर न करता म्हणालात, "हंय सगळे तोंड करून बसतत गो. थंय तोंड इसारतत." इथे स्टुडिओत तोंड करून बसणारे तिथे तोंड विसरतात म्हणे! मला पटलं नाही. सांगू का, कशामुळे पटलं नाही? माझ्या गालांमुळे. लहानपणी देवी आल्या त्याचे व्रण. नव्या नवरीचा तुम्ही पहिला फोटो काढलात, ती निगेटिव्हसुद्धा मीच भरली, आणि पुढची प्रत्येक. भिंतीवरच्या फोटोतली ही शालिनी कशी गुळगुळीत! तुम्ही त्या व्रणांबद्दल एक शब्द कधी बोलला नाहीत, चांगला नाही, वाईट नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, कोण जाणे. मला वाटायचं, गुळगुळीत गालाची कोणीतरी तिथे येत असणार.

म्हणून मागून आले एकदा. हो, आले होते! तुम्हाला सांगितलं खारदांड्याला सुकट आणायला जाते, आणि पुढच्या गाडीने शहर गाठलं. म्यूझियमच्या दारात पहारेकऱ्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जशी काय मी चित्रं पळवायला आले होते. आत लांबून तुमचा शर्ट दिसला. मी डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि समोर जे चित्र होतं त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले.

राखेच्या रंगाचं, दारापेक्षा मोठं. सगळीकडे बारीक बारीक खड्डे, डाग. हात शिवशिवला माझा! इतके डाग राहिलेत, कुणी पेन्सिल कशी नाही फिरवली? मनातल्या मनात एका कोपऱ्यापासून भरायला घेतले. चार भरले असतील. मग वाटलं, राहू दे. भरले तर उरेल काय इथे? आणि मग काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. बघत राहिले, एवढंच.

भानावर आले तेव्हा तुम्ही दालनात नव्हता. ज्याला पकडायला आले त्यालाच विसरले! येताना खोटं खरं करायला खारला उतरून दांड्यापर्यंत पायपीट केली, सुकट घेतली. रात्री तुम्ही ती चवीने खाल्लीत आणि म्हणालात, "सुकट बरी हा. लांब जावचा लागला काय गो?" मी म्हटलं, "छे, कुठे लांब!"

आज डबा उघडला. पाकिटावर नाव नाही, नुसतं मंगळवार, मंगळवार. आत खरंच माणसं होती. टोपी काखेत धरलेला हवालदार, चष्म्याची काडी चावणारे मास्तर, मान वाकडी करून बसलेल्या दोन कॉलेजच्या मुली. म्हणजे थाप नव्हती. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तळाशी एक पाकीट निघालं. सगळ्या डब्यात तेवढ्यावरच सूचना होती. हिला पेन्सिल लावू नये.

हिला! अशी कोण लागून गेली हो, जिला माझी पेन्सिल चालत नाही? अंगाचा तिळपापड झाला. निगेटिव्ह काचेवर ठेवली. एक बाई, बाजूने, अगदी जवळून, डोक्यावर पदर. निगेटिव्हमध्ये गोरं काळं होतं आणि काळं गोरं, ओळख पटेना. पण गाल काही गुळगुळीत नव्हता. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू! मुद्दाम पेन्सिल उचलली. नको म्हणता काय, आता लावतेच. कानाजवळचा एक ठिपका भरला, त्याखालचा भरला, मग हात आपोआप नाकाकडे वळला, तिथे जोडीने दोन आहेत तिकडे. आणि थांबला.

ते व्रण माझ्या हाताला पाठ होते. बावीस वर्षं त्याच क्रमाने भरत आले होते.

त्या दिवशी म्यूझियममध्ये माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होता तुम्ही, आणि मला पत्ता नाही! कळलं होतं तर हाक का नाही मारलीत? सुकट खाताना मिशीत हसत होता ना? आयुष्यभर मी चेहरा खोडत बसले, तुम्ही निमूट बघत बसलात. एकदा तोंड उघडून म्हणायचं, नको खोडूस. एवढं जड होतं का? राग आहे माझा तुमच्यावर, आणि तुम्ही हवे होता आत्ता, हेही आहे.

एक संशय मात्र अजून फिटत नाही. मी त्या चित्राकडे बघत होते, तेवढा वेळ तुम्ही काय बघत होता?

टर्पेंटाइनचा बोळा फिरवून ते दोन ठिपके पुसलेत. आता मीच तो फोटो मोठा करणार आणि दारातल्या शोकेसमध्ये मधोमध लावणार. शोकेस सगळ्यात शेवटी निघेल, असं भावजींना बजावलंय. मंदाताईंना काय म्हणायचं ते म्हणू दे. तुमची सूचना मोडणार नाही, शब्द देते.

व्रणांसकट तुमची,
शालिनी