एक सुरकुती राहू दे

प्रिय दादा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला काचा बसवत होते. फोन ठेवल्यावर तो चष्मा कितीतरी वेळ तसाच हातात राहिला. दुपारचं तिरपं ऊन दुकानात येऊन फ्रेमांच्या रांगांवर पडलं होतं आणि आमची म्हातारी त्या उन्हात पसरून झोपली होती. चष्म्याच्या दुकानात एका डोळ्याची मांजर ठेवलीये म्हणून लोक माझी थट्टा करतात, तुला ठाऊकच आहे. तिच्याकडे बघता बघता तुझं एकेक वाक्य मनात परत येत होतं. सुरकुती कपाटाखालून बाहेर येत नाही. पाणी पिते, पण खाण्याला तोंड लावते न लावते. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं, अंगात दुखणं काही नाही म्हणाले. आणि मग तू, तुझ्या लाँड्रीच्या काउंटरवर पावती फाडून द्यावी तितक्या सहज, सांगितलंस की रविवारी ते बागवाले साहेब येऊन तिला घेऊन जाणार आहेत. त्यांचं घर मोठं आहे, भोवती बाग आहे, तिथे तिला बरं वाटेल.

म्हणून हे पत्र घाईने लिहितेय. रविवारच्या आधी तुझ्या हातात पडलं पाहिजे. फोनवर तू बरं बरं म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचशील, कारण कुठलंही काम अर्धवट टाकलं की तुला चैन पडत नाही. तेव्हा चहा घे, चष्मा लाव (मी पाठवलेला नवा, तो दोरीने बांधलेला जुना नव्हे) आणि बैस.

पहिली गोष्ट. सुरकुती इतकी वर्षं तुझ्या घरात आहे म्हणून तुला मांजर पाळता येते असं समजू नकोस. ती वहिनीची होती. तू त्या दोघींकडे राहणारा भाडेकरू. वहिनी गेली आणि तू एकदम मालक झालास. तेव्हा तू अगदी नवशिका आहेस असं धरूनच मी सांगतेय, राग मानू नकोस.

तिला कपाटाखालून ओढून काढायचं नाही. झाडूने तर नाहीच नाही. तू मशीनमध्ये हात घालून ओली चादर खेचतोस ना, तो हात इथे चालत नाही. तिच्यापासून थोडा लांब जमिनीवर बैस, तिच्याकडे पाठ करून. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. काहीतरी करत राहा, शर्टाची बटणं लाव, पेपर वाच. मधेच तिची नजर तुझ्यावर आली तर रोखून बघू नकोस. डोळे हळूच मिट, हळूच उघड. मांजरांच्यात त्याचा अर्थ मी काही तुझ्या वाईटावर नाही असा असतो. पहिल्यांदा तुला वेड्यासारखं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आमच्या म्हातारीने एका दुपारी मला उलट डोळे मिटून दाखवले, तेव्हा मी दुकानात कुणी नाही ना हे बघून चक्क रडले होते.

खाणं फ्रिजमधून काढून थंडगार पुढे करू नकोस. किंचित कोमट कर. वाफेचं मी तुला काय शिकवणार, सारा जन्म तुझा वाफेत गेला. ऊब लागली की वास उठतो आणि वास उठला तरच तिला ते अन्न वाटतं. पाण्याची वाटी खाण्याच्या ताटलीपासून लांब ठेव. तिची मातीची पेटी कोपऱ्यातच राहू दे, रोज साफ कर, पण त्या भागात फिनेलची बाटली फिरकू देऊ नकोस; तुला जो सुगंध वाटतो त्याने तिचं डोकं उठत असेल, आणि ते तिच्या पोटात गेलं तर विषच. चार घास तरी रोज पोटात जातायत ना, बघ. पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर वाट बघत बसू नकोस, डॉक्टरांकडे परत ने. आणि दादा, कपडे वाळवायचं मशीन सुरू करण्याआधी दार उघडून आत हात फिरवायचा. प्रत्येक वेळी. मांजरांना ऊब दिसली की अक्कल राहत नाही. वहिनी हे डोळ्यांत तेल घालून बघायची, तुझ्या लक्षातही आलं नसेल.

तुला आठवतं का, ती आली कशी? थंडीचे दिवस होते. दुकानाच्या मागच्या खोलीत जिथून गरम हवा बाहेर सोडायचास, त्या झडपेशी ती पिलू असताना येऊन बसायची, आणि एक दिवस सरळ आत येऊन कुठल्याशा हॉटेलच्या इस्त्री केलेल्या चादरींवर झोपली. तू तिला उचलायला निघालास आणि वहिनी मधे उभी राहिली. हॉटेलवाल्यांना चादरी उद्या देऊ म्हणाली. तू नाक मुरडलंस. चादरीला सुरकुती पडेल म्हणालास. तर वहिनी म्हणे पडू दे, या घरात एक तरी सुरकुती अशी राहू दे जी तुला इस्त्रीने काढता येणार नाही. कपाळावरच्या त्या राखाडी रेघांमुळे नावही शोभलं. पुढे गिऱ्हाइकांसमोर सुरकुती, सुरकुती अशा हाका मारून वहिनीने तुला किती छळलं! कपडे घ्यायला आलेली माणसं घाबरून आपापले शर्ट उलगडून बघायची.

आणि वहिनी तरी कशी आली होती? तीही झोपतच आली म्हणायची. मी तेव्हा कॉलेजातून सुटून काउंटरवर बसायचे. ती पडदे घेऊन आली, पावती होईपर्यंत बाकावर टेकली, आणि आतल्या उबेने, मशीनच्या त्या एका लयीतल्या आवाजाने तिचा डोळा लागला. तू तिला उठवलं नाहीस. शटर अर्धं खाली ओढलंस म्हणजे रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये. मला खुणेने गप्प बसवलंस. धंद्याच्या ऐन वेळेला, तू! ती जागी झाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि तिचे पडदे धुऊन, वाळून, घडी होऊन तिच्या शेजारी ठेवले होते. त्याच दिवशी मला कळलं की हा आता कामातून गेला.

आता जे सांगायचंय ते जपून सांगते. तू फोनवर दोन गोष्टी एका दमात बोललास आणि त्या दोन्हींचा काही संबंध असेल हे तुझ्या मनातही आलं नाही. वहिनी गेली त्यानंतर सुरुवातीचे दिवस सुरकुती खात होती. पलंगावर वहिनीच्या बाजूला, तिच्या उशीवर झोपत होती. मग तू सगळं घर धुऊन काढलंस. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, तिचे सगळे कपडे, खुर्चीवरची शाल, सुरकुतीची गादीसुद्धा. दोनदा धुतलं म्हणालास, त्या नव्या लिंबाच्या साबणाने. आवाजात अभिमान होता. आणि तेव्हापासून ती कपाटाखाली आहे.

तुला मी दोष देत नाही. आपल्या घरात दुःख झालं की पहिलं पाणी तापत ठेवतात. मी नापास झाले तेव्हा बाबांनी एक शब्द न बोलता घरातले सगळे पडदे उतरवले होते. आई गेली त्या आठवड्यात त्यांनी शेजाऱ्यांच्या सतरंज्यासुद्धा मागून आणून धुतल्या. दुसरं कुणी रडलं असतं, दार लावून बसलं असतं. आपण डाग शोधतो. तू त्यांचाच मुलगा आहेस, तुझ्या हाताला दुसरं काही सुचलंच नसणार.

पण आपण डोळ्यांची माणसं. आपल्याला तिचा फोटो पुरतो, तिच्या पातेल्याचा पोचा पुरतो. सुरकुतीचं घर नाकात असतं. तिच्या लेखी वहिनी उशीत होती, शालीत होती, पडद्याच्या खालच्या काठाला होती, नुसती जरा उशीर करत होती इतकंच. एका सकाळी तू तिला सगळीकडून काढून टाकलंस. कपाटाखालची जागा तेवढी धुतलेली नव्हती, म्हणून ती तिथे गेली. बागवाल्या साहेबांच्या घरी तिला उशा मिळतील, झाडं मिळतील. पण तिथे वहिनी कधी नव्हतीच. इथे निदान तू आहेस, आणि तुझ्या अंगाला, साबण लावून लावूनसुद्धा, एवढ्या वर्षांचा संसार चिकटलेला आहे. तो तिला कळतो. म्हणून म्हणते, तिला देऊ नकोस. तिच्यासाठी म्हणते आणि त्याहून जास्त तुझ्यासाठी म्हणते. तिला दिलीस तर संध्याकाळी शटर ओढून तू कुणाकडे जाशील, या विचाराने माझा जीव टांगणीला लागलाय.

फोन झाल्यावर काल दुकानातच मला डुलकी लागली. स्वप्नात मी लहान होते आणि मागच्या अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या, आपण त्यांच्या खोल्या करून खेळायचो तशा. एका पांढऱ्या खोलीतून दुसरीत जावं, दुसरीतून तिसरीत. पलीकडे कुणीतरी चालत होतं, उन्हात सावली दिसत होती, चादरीखालून दोन पावलं आणि एक राखाडी शेपूट दिसत होती. मी चादर बाजूला करायचे तर पुढे आणखी एक चादर. सगळ्या सारख्याच, सगळ्यांना एकच स्वच्छ वास. मला हाक मारायची होती पण कुणाला मारायची ते आठवेना. जाग आली तर म्हातारी माझ्या मांडीवर चढून बसली होती आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. ऊन फ्रेमांवरून सरकून भिंतीवर गेलं होतं. तेव्हा मला उमगलं की सुरकुती रोज हेच बघत असेल, आणि बहुतेक तूही. घर दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतं असं तूही बोलून गेलास ना, अगदी शेवटी, फोन ठेवताना?

पत्राबरोबर एक पार्सल आहे. वहिनी मागे माझ्याकडे वाचायच्या चष्म्याचा नंबर काढायला आली होती, तेव्हा तिचा तो तपकिरी स्वेटर खुर्चीच्या पाठीवर राहिला. पुढच्या खेपेला नेईन म्हणाली होती. ती गेल्यावर मी तो एका पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि फार वाटलं की झाकण उघडून बसायचे. तिच्या हाताला लावायच्या मलमाचा वास, तुमच्या दुकानातल्या वाफेचा, आणि काहीतरी जे फक्त तिचं होतं. पण दर वेळी उघडलं की तो थोडा कमी व्हायचा, म्हणून हल्ली उघडणंच सोडलं होतं. माझ्याकडे तिचं एवढंच आहे, दादा, आणि ते मी तुला पाठवतेय. दुकानात उघडू नकोस, घरी उघड, खिडक्या लावून घे. कपाटासमोर जमिनीवर ठेव आणि जरा लांब बैस. उजव्या बाहीवर चहाचा डाग आहे. तो तुला पहिल्या नजरेत दिसेल, तुझे हात शिवशिवतील, आणि तो कशाने निघेल हेही तुला ठाऊक असेल. राहू दे. सुरकुतीला द्यायच्या आधी तूच तो स्वेटर नाकाशी धरून बराच वेळ बसलास, तरी ती काही म्हणायची नाही.

तुझीच,
धाकटी