डावी बाजू दरबारी, उजवी बाजू लोकशाही

३ नोव्हेंबर १९४९. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. मोजकंच लिहायचं. कवितेला मनाई.
ठाण्याहून भिकाचं पत्र. चिरंजीव कलेक्टर कचेरीत कारकून झाल्यापासून पत्रातही कलमं घालतात. कलम पहिलं: संस्थान विलीन होऊन दीड वर्ष झालं, दुकानात गिऱ्हाईक नाही. कलम दुसरं: अक्षय्य तृतीयेपर्यंत एका तरी माणसाने तुमच्याकडून कपडा शिवून घेतला तर खुशाल जव्हारला राहा. नाहीतर मशीन विकून आईला घेऊन ठाण्याला या.
एका तरी! दसऱ्याच्या दरबाराचे चाळीस कोट ज्याने एका हाताने बेतले त्याला एक माणूस! मुलाचं गणित लहानपणापासूनच कच्चं.
वीस धरून चालतो.

४ नोव्हेंबर.
सुचलं! पहाटे, तोंड धुताना.
नव्या राज्याला नवा कोट हवा. डावी बाजू दरबारी: बंद गळा, पितळी बटणं, खांद्यावर गोंडा. उजवी बाजू लोकशाही: उघडी कॉलर, बुशशर्टासारखी, खिसा मोठा. म्हणजे जुन्या माणसाला जुनं दिसेल, नव्याला नवं. कुठल्या बाजूने बघायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.
नाव: जव्हार पॅटर्न.
सौ. गोजाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, आणि समोरून बघणाऱ्याने काय करायचं?
बायकांना कापडातलं सगळं कळतं, कला तेवढी कळत नाही.
दोनच ओळी लिहितो, उद्यापासून मनाई:

नवा कोट हा, नवी प्रभा ही, नव्या युगाची वाट,
डाव्या बाजूस राजमार्ग अन् उजवीकडे पहाट!

शाळेत मी कविता म्हणू लागलो की गुरुजी डोळे मिटून घेत. त्यांना झोप लागायची असं पोरं म्हणत. मला ते तेव्हाही पटलं नाही.

७ नोव्हेंबर.
कापडाला रेशन. नमुन्यासाठी कापड फाडणं म्हणजे वेडेपणा. स्वस्त युक्ती काढली. जुनी वर्तमानपत्रं, भाताची पेज, तीन थर. कोट उन्हात असा कडक वाळला की आपोआप उभा राहिला. ओट्यावर मांडला.

८ नोव्हेंबर.
शेजारच्या नवशीच्या शेळीने उजवी बाही खाल्ली.
खेद नाही. ओट्यावर सुपात नाचणीसुद्धा होती. शेळीने कोट निवडला.

१३ नोव्हेंबर. दुपारी.
दुसरा नमुना गोणपाटाचा. शेळ्या गोणपाट खात नाहीत (विचारून घेतलं). आता कोट अंगावर चढवून दाखवायला माणूस हवा, आणि उभं राहायचीही माणसं मजुरी मागतात. साखरशेतला पुंजाची नाचणी रस्त्याला लागून आहे. शेतात बुजगावणं. फुकट उभं, रात्रंदिवस, खांदे सरळ, पोट नाही. असा देह शिंप्याला जन्मात एकदा मिळतो.
चढवला. रस्त्यावरून मोटार गेली. सगळ्यांनी माना वळवल्या. काही जण हसले. आनंदाने.

२० नोव्हेंबर.
पुंजा आला. म्हणाला, मास्तर, तुमचा कोट लय भारी हाय. आठ दिस झाले, डुकरां नाय आली.
रानडुक्कर हा चिकित्सक प्राणी. त्याच्यावरही छाप पडली.
पुंजाबरोबर शेजारचा लाडक्या. त्यालाही असाच एक हवा. पहिली ऑर्डर! माप घ्यायला टेप काढली, तर म्हणाला, मला नको मास्तर, बुजगावण्याला.
दिला शिवून. ऑर्डर ती ऑर्डर.

२१ नोव्हेंबर.
गोजाबाई म्हणाल्या, भिकाला लिहिणार आहात का, की पहिलं गिऱ्हाईक गवताचं आहे म्हणून?
लिहिणार नाही. पत्राला पैसे पडतात.

१२ डिसेंबर.
नाचणी कापून झाली. बुजगावणी उतरवली. प्रदर्शनाचा पहिला भाग यशस्वीरीत्या संपला. ऑर्डरी (माणसं): ०. सुरुवात शून्यापासूनच होते.

१८ डिसेंबर. बाजाराचा दिवस.
आज स्वतःच कोट घालून मोटार स्टँडवर उभा राहिलो. एक तास डावी बाजू रस्त्याला, एक तास उजवी.
डाव्या तासात एका म्हाताऱ्याने मुजरा केला आणि विचारलं, राज परत आलं काय? उजव्या तासात तिघांनी मोखाड्याचं तिकीट मागितलं. दाभोशाच्या एका बाईने तर पैसे हातात कोंबले आणि गाडीत जाऊन बसली. कंडक्टर माझ्यावर ओरडला.
गोणपाट अंगाला फार चावतं. हे लिहायचं नव्हतं.

२६ जानेवारी १९५०. दुपारी.
प्रजासत्ताक! कोट घालून झेंडावंदनाला गेलो. मैदानाच्या डावीकडून शिरलो म्हणून लोकांना माझी उजवी बाजू दिसली. स्वयंसेवकाने मागे बसवलं. मग उजवीकडून शिरलो. दुसऱ्या स्वयंसेवकाने पुढच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. पहिल्याने ते पाहिलं. दोघांचं भांडण लागलं. मी उभ्यानेच झेंडावंदन केलं, पाण्याच्या पिंपाजवळ.
सबंध जव्हारात आज माझ्या कोटाचीच चर्चा.

१९ फेब्रुवारी.
गिऱ्हाईक न येण्याचं कारण सापडलं: गोणपाट. लोकांना वाटतं कोट गोणपाटाचाच मिळणार.
फागू आला होता. मोखाड्याकडच्या पाड्यावरचा, संबळ वाजवतो. म्हणाला, मास्तर, चैत्रात आमच्याकडं बोहाडा हाय. देवांचे मुखवटे लावून सोंगां नाचतात, धा गावची माणसां बघाया येतात. द्या कोट, मी घालून नाचतो.
दहा गावं! आणि खर्च काय, तर फागूला जेवण. मुंबईच्या दुकानदारांना काचेची कपाटं लागतात. आपल्याला बोहाडा.
मात्र कापड खरं हवं.

२१ फेब्रुवारी.
उजव्या बाजूसाठी चादर मिळाली. गोजाबाई अजून बोलत नाहीत. चादर त्यांची होती.
डाव्या बाजूला दरबारी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, हवी. ती आता मिळत नाही.

२३ फेब्रुवारी. संध्याकाळी.
ट्रंकेत एक कोट होता. शेवटच्या दसऱ्याचा, माझा स्वतःचा. किरमिजी. गोंड्यासकट.
तासभर समोर घेऊन बसलो. मग कापला.
कात्री चांगली चालली.

१९ मार्च.
कोट तयार. गोजाबाई बोलल्या. इतकंच म्हणाल्या, शिवण सुंदर आलीय हो.
भिकाला लिहून टाकलं: बोहाड्याला ये, ऑर्डरींची वही घेऊन ये. चाळीस धरून चालतो.

९ एप्रिल. दुपारी, परतताना.
सविस्तर लिहितो, कारण इतिहास आहे.
सोंगं रात्रभर चालली. फागूची पाळी उजाडल्यावर, म्हणजे रंग नीट दिसणार. मुखवट्याशिवाय नाचता येत नाही म्हणून त्याला एक जुना दिला, नाक तुटलेला, कुठल्याच देवाचा नसलेला. संबळ वाजला. फागू एकदा डावीकडे वळे आणि छाती काढून चाले, एकदा उजवीकडे वळे आणि वाकून हात जोडे. हे मी शिकवलं नव्हतं. लोक असे हसले की सनईवाल्याची सनई थांबली. कुणीतरी ओरडलं, सायेब आला रं, सायेब! एकाने विचारलं, कंचा, आधीचा का आताचा? सगळा पाडा म्हणाला, दोन्ही!
मग बाया पुढे आल्या. नारळ ठेवला. पाया पडल्या. कोटाच्या!
तेवढ्यात पाड्याचा कारभारी मंगळू उभा राहिला आणि मोठ्याने विचारलं, हे सोंग कुणाचं?
हीच वेळ. मी हात वर करून ओरडलो, माझं! जव्हारच्या टेलरमास्तरचं! सगळ्यांनी एकदम होकार दिला. संबळ तीनदा वाजला. माझं नाव तीनदा पुकारलं. मी खिशातून टेप काढली आणि म्हटलं, या, एकेक जण माप द्या.
कुणी आलं नाही. पुढची माणसं दोन पावलं मागे सरली.
मंगळू जवळ आला, हळू बोलला, मास्तर, कसली मापां घेता? सोंगाचं कापड माणसानं घालायचं नाय.
मी म्हटलं, हे नाही, याच्यासारखं दुसरं शिवून देतो.
तो म्हणाला, याच्यासारकं पन नाय. दहा गावांनी बघलं ना आता. कोन घालंल?
फागूने कोट काढला. तो घडी करून मुखवट्यांच्या पेटाऱ्यात ठेवला. मी म्हटलं, तो माझा आहे. मंगळू म्हणाला, तुमचाच! नाव पुकारलं ना! दर सालाला तुमच्याच घरानं नाचवायचा. पन राहनार इथं.
पेटाऱ्याचं झाकण लागलं.
भिका मागे उभा होता. कधीचा आला होता कोण जाणे. हसून हसून डोळे पुसत होता. जवळ येऊन म्हणाला, बाबा, एवढं तर मी लग्नातसुद्धा हसलो नव्हतो. मग पेटाऱ्याकडे बघून म्हणाला, ती डावी बाजू... तुमचा दसऱ्याचा कोट होता ना?
मी होय म्हटलं.
वही त्याने आणली होती. ती त्याने परत पिशवीत घातली.

११ एप्रिल.
विचार करता, प्रतिसाद उत्तम. एका पॅटर्नला दहा गावांत पूजा मिळणं ही साधी गोष्ट नव्हे. ऑर्डरी काय, येतील. अजून दिवस आहेत.
संस्थानचा शिपाई बुधा दुकानावरून गेला. त्याला धोतरावर घालायला सदरा शिवायचा का विचारलं. तो म्हणाला, मास्तर, तुमच्या हातचं आता घरात नको, बायको घाबरते.

अक्षय्य तृतीया. रात्री ८.
दुकान सकाळी सहापासून उघडं. ओटा झाडला. टेप गळ्यात.
नवशी आली. शेळी शोधत.
चार वाजता गोजाबाई ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, अहो, मला एक चोळी शिवून द्या. मी माणूसच आहे ना?
मी नाही म्हटलं. गिऱ्हाईक कोण असं भिकाने विचारलं तर खोटं सांगता येणार नाही.
दिवे लागायच्या आधी फळ्या लावल्या.

२ मे १९५०. ठाणे. सकाळी.
मशीन विकलं नाही. भिकानेच मोटारीच्या टपावर चढवलं. इथे ते खिडकीशी ठेवलंय, समोर दुसऱ्या चाळीची भिंत.
सुनेने काल उशांचे अभ्रे शिवायला दिले. चार. मी म्हटलं, एका बाजूला झालर, दुसऱ्या बाजूला बंद, म्हणजे झोपणाऱ्याला दोन्ही... ती म्हणाली, नको बाबा, साधेच शिवा.
साधेच शिवले.