टीव्ही लागला की बोलवा

९ जानेवारी १९९४, रविवार. कात्रप, बदलापूर.
टीव्हीच्या मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं. आत एवढी धूळ की काचेचा व्हॉल्व्ह कुठला नि काय, ओळखू येईना. झुरळांनी संसार मांडलाय. बरं आहे, या घरात कोणाचा तरी चाललाय.
श. जाताना दारात चपला घालत म्हणाली होती, "तो डबा सुरू झाला की बोलवा, येते." सुमीच्या बाळंतपणाला म्हणून नाशिकला गेली. नातू आता चालतो, बोबडं बोलतो, आजी अजून तिथेच. बायको माहेरी राहिलेली ऐकली होती, मुलीकडे राहिलेली ही पहिलीच.
डबा बंद, म्हणून बोलावणं नाही. बोलावणं नाही, म्हणून येणं नाही. ठीक. डबाच सुरू करतो. कंपनीत सगळी नोकरी मेंटेनन्सला काढली, अख्खं पॅनेल उघडून परत लावलंय. हा तर लाकडी खोका.

११ जाने.
उल्हासनगर. कॅम्प २. जुने व्हॉल्व्ह आता फक्त नानकरामकडे. दुकान कसलं, मेलेल्या टीव्हींचा ढीग आणि त्यावर हा गादी टाकून बसलेला. माझ्या हातातला काळा पडलेला व्हॉल्व्ह बघून हसला.
"साईं, इसको अब कौन पूछता है? कलर ले जाओ. रिमोटवाला. भाभीजी खूश हो जाएगी."
म्हटलं, भाभीजीला हाच चालू पाहिजे.
"लव मॅरेज है क्या?"
नाही म्हटलं. मग तासभर खोकी उपसत बसला. दोन व्हॉल्व्ह मिळाले, कंडेन्सर मिळाले. चहा पाजला. माणूस चेष्टेखोर, पण परत येताना गाडीत लक्षात आलं, या आठवड्यात एवढं कोणाशी बोललोच नव्हतो.

१४ जाने.
संक्रांत. कांबळेवहिनींनी खालून तिळगूळ आणून दिला. "जयभीम भाऊ. वहिनी सणाला पण नाही आल्या?"
"टीव्ही लागला की येणार आहे."
त्या हसल्या. मग मी हसत नाही बघून थांबल्या.
दुपारी जुने कंडेन्सर कापून नवे सोल्डरने डाग मारून लावले.  

१७ जाने.
झटका बसला. प्लग काढलेला होता, तरी. पिक्चर ट्यूबमध्ये करंट साठून राहतो हे मला माहीत असायला हवं होतं, माहीतही होतं, विसरलो. कोपरापर्यंत हात बधिर. भिंतीवर आपटलो आणि जोरात हाक मारली, श.ला. घरात कोणी नाही हे हाक मारून झाल्यावर आठवलं.
नंतर स्वतःच पाणी घेऊन प्यायलो. उगाच रडू आलं. झटक्याचंच असेल.

२० जाने.
आवाज आला!
आधी घूं घूं, मग एकदम माणूस स्वच्छ बोलायला लागला. कांद्यावरची कीड आणि तिचा बंदोबस्त. पडदा काळाकुट्ट, पण मी खुर्ची ओढून सगळं ऐकलं. माझ्याकडे कांदा आहे तो टोपलीत, तीन-चार. तरी ऐकलं.
घरात बोलणं असणं किती बरं वाटतं. श. हेच म्हणायची. "तुमच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी. टीव्ही होता तोवर घरात कोणीतरी बोलत तरी होतं." तेव्हा राग आला होता. आता सेट बंद केला आणि तिचं म्हणणं कानात बसलं. एवढा वेळ, एवढं शांत घर, आणि त्यात ती. कशी राहिली असेल.

२५ जाने.
पडद्याच्या मधोमध आडवी पांढरी रेघ, चार दिवस तशीच. बाकी अंधार. जग तेवढ्या रेघेत चेपून बसलंय. नानकराम म्हणाला, "ऊपर-नीचे खोलनेवाला सर्किट गया, साईं. छोटी बात है." छोटी बात शोधायला तीन दिवस पाठ मोडली.

२९ जाने.
रेघ उघडली. पडदाभर पांढरे ठिपके, मुंग्या नुसत्या. पण आहेत!
आता पुढची पंचाईत. फिरवायचे खुंटे मागे, पडदा पुढे. हे काम दोघांचं. एकाने मागे पिळायचं, एकाने पुढे बसून सांगायचं. श.च्या कपाटाचा आरसा काढून समोर स्टुलावर टेकवला, त्यात बघत पिळत बसलो. मान अवघडली.

३० जाने., रवि.
कांबळेवहिनी म्हणाल्या, सिनेमा आहे, खाली या. गेलो. कलर, केबल, सगळं. मला सोफ्यावर मधोमध बसवलं, पाहुण्यासारखं. सगळे खिदळत होते, एकमेकांच्या अंगावर रेलून बसलेले. मध्यांतराला निघालो. "झोप आली," म्हटलं. सात वाजले होते.

२ फेब्रु.
अँटेना. गच्चीवर गेलो तर सगळ्यांचे दांडे गंजलेले, कोणी कपडे वाळत घालतंय त्यावर. केबल आल्यापासून कोण बघतो वर. आमचा कावळ्यांनी पार वाकवलाय. सरळ केला, मुंबईच्या दिशेने फिरवला. खाली आलो, मुंग्या. वर गेलो, थोडा फिरवला. खाली, मुंग्या. वर. खाली. गुडघे बोलायला लागले.
पूर्वी मी गच्चीत नि श. खिडकीत. "आलं! गेलं! आलं आलं, या खाली!" मी खाली यायचो तर चित्र धड नसायचंच, नुसत्या सावल्या. मी करवादायचो, "आलं म्हणून का ओरडलीस?" ती म्हणायची, "ऊन किती आहे वर." मी परत चिडून वर. एवढी वर्षं तिला चित्र कळत नाही म्हणत होतो.
आज संध्याकाळपर्यंत उन्हात होतो. आलं म्हणणारं कोणी नाही.

६ फेब्रु., रवि.
लागला. चित्र, आवाज, दोन्ही.
बातम्यांच्या बाई दिसल्या. कपाळ चेपलेलं, हनुवटी गळ्यापर्यंत. आरशात बघत मागचा खुंटा हळूहळू पिळला तशी बिचारीला तिची हनुवटी परत मिळाली. मी टाळ्या वाजवल्या. एकटाच. बातम्या संपल्या, हवामान झालं, तरी बघत होतो.
मग शर्ट बदलून, भांग पाडून कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात गेलो. भांग का पाडला कोण जाणे. नाशिक लागलं. श.च होती.
"टीव्ही लागला," म्हटलं.
"खरंच?"
"हो. स्वच्छ. मुंग्या नाहीत."
मागे नातू भांडं आपटत होता.  मला वाटलं आता म्हणेल, येते.
"मग बघा," म्हणाली.

७ फेब्रु.
दिवसभर टीव्ही लावला नाही. आता तिचा राग येतोय. शब्द दिला होता. मी पाठ मोडून घेतली, झटका खाल्ला. "मग बघा." काय बघू?

९ फेब्रु.
सुमीने कांबळ्यांच्या फोनवर मला बोलावून घेतलं. आवाज दबका, आई बाहेर गेली असणार.
"बाबा, रविवारी आईला काय म्हणालात?"
"टीव्ही लागला म्हणालो."
"तेवढंच?"
"अजून काय? तिनेच तर सांगितलं होतं."
"बाबा, टीव्ही आमच्याकडे पण आहे."
कांबळेवहिनी पदराने टेबल पुसत होत्या. पुसून झालेलंच टेबल परत पुसत होत्या. मी ठेवतो म्हटलं.

१० फेब्रु.
टीव्ही लावून बसलो. चित्र उत्तम. बाजूची खुर्ची आधीपासून तिथेच आहे, मी हलवलेली नाही.
बोलावणं म्हणजे काय मोठं. तू ये. दोन अक्षरं. पण ती तोंडातून काढायची तर आधी म्हणावं लागतं की मला करमत नाही. हे मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नाही. आईलासुद्धा नाही. इथे लिहितो: करमत नाही.

१३ फेब्रु., रवि.
गेला. सिनेमाच्या पाट्या चालू असतानाच आतून चटचट आवाज, जळका वास, पडदा आक्रसत आक्रसत मधे ठिपका, मग तोही नाही. मागच्या जाळीतून धूर. कांबळेवहिनी वास येऊन पळत वर आल्या, हातात पीठ तसंच. "भाऊ! तुम्ही ठीक आहात ना?"
ठीक आहे म्हटलं. खिडक्या उघडल्या त्यांनी. जाताना म्हणाल्या, "एकटे नका राहू हो असे." मनापासून म्हणाल्या की नुसतं म्हणायचं म्हणून, कळलं नाही.

१५ फेब्रु.
जळालेलं कॉइल घेऊन कॅम्प २. मोठा व्होल्टेज बनवणारं. नानकरामने हातात घेतलं, वास घेतला, चष्मा कपाळावर सरकवला. आज चेष्टा केली नाही.
"साईं, ये अब नहीं मिलेगा. कहीं नहीं. मैं झूठी आस नहीं दूँगा."
मग म्हणाला, खोका मला द्या, पार्ट काढून घेतो, कलरवर कमी करून देतो. नाही म्हटलं. "भाभीजी को क्या बोलोगे?" विचारलं त्याने. मी पण तेच विचारत होतो.
गाडी अंबरनाथला बराच वेळ थांबली होती. कंपनीची चिमणी दिसते तिथून. धूर नाही. एक वेडा विचार आला, सुमीला सांगू, तिला कळवू नको. चालू आहे असंच राहू दे. बदलापूर येईपर्यंत तो धरून बसलो. मग सोडला.

१६ फेब्रु.
फोनच्या दुकानात गर्दी. रांग सोडून परत आलो दोनदा. शेवटी गेलो. काचेचं दार लागत नाही नीट, सगळं बाहेर ऐकू जातं. जाऊ दे.
श.ने उचलला.
"टीव्ही बिघडला परत," म्हटलं. "आता होणार नाही. तो पार्ट मिळत नाही."
"बरं."
"तरी ये."
पलीकडे नातवाचा आवाजही नाही. लाईन गेली वाटून मी हॅलो हॅलो केलं.
"आहे मी," म्हणाली. मग, "येऊन काय बघू?"
"मला," म्हणालो.
रांगेतला एकजण हसला. दुसऱ्याने त्याला गप्प केलं. मला काही वाटलं नाही.
ती हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. श्वास ऐकू येत होता. नाकात दाटल्यासारखा. दुकानदार खुणेने विचारत होता, झालं का. मी मान हलवली, नाही. फोन तिने ठेवला नाही, मीही नाही.