दहापैकी दहा

बाबा, आज एका म्हाताऱ्या बवेरियन बाईंना मी कॉपी करताना पकडलं. आमच्या दवाखान्यात विस्मरणाच्या तपासण्या होतात आणि त्या घेणं हे माझं काम. दहा शब्द वाचून दाखवायचे, वीस मिनिटं भलतंच काहीतरी करून घ्यायचं आणि मग तेच दहा शब्द विचारायचे. आजींनी ते तळहातावर लिहून घेतले होते. मी म्हटलं, "हात दाखवता का?" त्यांनी दाखवला आणि म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे असं बघा, तुमच्या वयात माझं डोकं तुमच्यापेक्षा बरं चालायचं." चालत असेल. मी त्यांच्या मुलीला आत बोलावलं, समजावून सांगितलं, मग कॉफी घेऊन बसले आणि तुमची आठवण आली, असं लिहिणार होते. पण ते खोटं. दहा शब्द वाचायला घेतले की तुमची आठवण रोजच येते.

माझं शिक्षण तुम्हाला कधी नीटसं पटलं नाही. नवऱ्याच्या मोटारींच्या नोकरीमागे जर्मनीत रेगेन्सबर्गला आले आणि बत्तिसाव्या वर्षी विद्यापीठात मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान दोन्ही एकदम घेतलं. पहिल्या दिवशी वर्गातल्या पोरी मला प्राध्यापिका समजून गप्प झाल्या; तेवढाच काय तो मान. मन एका इमारतीत शिकवायचे, मेंदू दुसऱ्या, मधे बस. मनवाले मेंदूवाल्यांना खाटीक समजायचे, मेंदूवाले मनवाल्यांना ज्योतिषी. दोघांची गाठ पडायची ती फक्त माझ्या पिशवीत, डब्याखाली. तुम्ही फोनवर म्हणालात, "दोन्ही कशाला? एक काहीतरी धड कर." मी म्हटलं, "बाबा, एकात माणूस असा का वागतो ते कळतं, दुसऱ्यात डोक्यात कुठे काय होतं ते." "आणि कसं वागावं ते?" "तो विषय तुमच्याकडे झाला की." तुम्ही हसलात. तुम्हाला हसवणं सोपं नव्हतं, म्हणून लक्षात आहे.

चौथ्या सत्रात ही चाचणी घेण्याचा सराव करून अहवाल द्यायचा होता. साठीपुढची निरोगी व्यक्ती हवी, आणि घरचं माणूस नको, असं आमच्या प्राध्यापक बाईंनी बजावलं होतं. बाकीच्यांनी शेजारी गाठले. माझे शेजारी मी कचरा चुकीच्या डब्यात टाकला म्हणून माझ्याशी बोलत नव्हते. मग मी शब्द मराठीत केले, तुम्हालाच परीक्षेला बसवलं आणि अहवालात लिहिलं, 'ओळखीतले निवृत्त शिक्षक'.

तिकडे आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आई व्हिडिओ कॉलसाठी कॉम्प्युटर लावून देते. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसता, बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून जायचात तसे. शाळेत मुलं तुम्हाला एक्स-रे म्हणायची; मोज्यातली चिठ्ठी तुम्हाला पोराच्या चालीवरून कळायची. आठवीत मी शेजारणीचं गणित उतरवलं, तेव्हा भर वर्गात उभं करून म्हणाला होतात, "चुकलं तर चालेल. पण चूक स्वतःची पाहिजे." मी शब्द वाचते. पेरू, कुलूप, घंटा, चादर. छातीच्या खालचे तुम्ही मला दिसत नाही. वीस मिनिटांनी विचारते, आणि तुम्ही दहाच्या दहा सांगता, माझ्याच क्रमाने. आई मागून म्हणते, "अगोबाई! आणि काल मोहरी आणायला धाडलं तर..." "तू मधे बोलू नकोस गं," तुम्ही. मी दहापैकी दहा लिहिते.

पुढे आई फोनवर सांगायची, "अगं, हे भाजीला जातात आणि रिकामी पिशवी घेऊन देवळात बसून राहतात. घराची गल्ली आठवेपर्यंत." मी म्हणायचे, "आई, त्यांना दहापैकी दहा आहेत. तूच जरा चिडचिड कमी कर." दोन-दोन शास्त्रं शिकत होते, आईला गप्प करायला एक वाक्य पुरलं. दीड वर्षाने एका रविवारी तुम्ही शाळेच्या बंद फाटकाशी सापडलात, पेपर कधी सुरू होणार म्हणून विचारत. मी धावत आले. तुम्ही खुर्ची पुढे केलीत. "बसा. कुठल्या मुलाच्या पालक तुम्ही?"

आधी कळलं असतं तर औषधांनी फार काही साधलं नसतं, हे मला दोन्ही विषयांतून पाठ आहे. पण मी आले असते. त्या दीड वर्षात कधीतरी, तुम्ही मला 'बसा' म्हणायच्या आधी.

तुम्ही गेल्यावर तुमच्या चष्म्याच्या घरात चिठ्ठी मिळाली. दहा शब्द, ओळी उताराला लागलेल्या, आणि खाली: 'लेकीची परीक्षा. एकही चुकता कामा नये.' मास्तरच शेवटी. आपण नापास तर पोरगी नापास, असं धरून चाललात. तपासणी तुमची आहे, हे मी नीट सांगितलंच नव्हतं.

बारा वर्षं मी हा किस्सा सांगते. मराठी मंडळाच्या फराळाला तर रंगवून सांगते, की कॉपी पकडणाऱ्या मास्तरांनी म्हातारपणी लेकीलाच कसं फसवलं. लोक हसतात. मुलगा जर्मनमध्ये म्हणतो, आजोबा भारीच होते.

या कागदाची बारीक घडी घालून तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवते आहे, त्या चिठ्ठीशेजारी. तिथून तो कुठे जायचा नाही, म्हणूनच लिहिते. त्या दिवशी सातव्या शब्दाला तुमची नजर खाली गेली होती. मी एक्स-रेची मुलगी; मला दिसलं होतं. अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.